एकच पॅच दोन ट्रींमध्ये: गिट गप्प बसतं तीच अडचण

तुमची अडचण मला समजली ती अशी: सहकाऱ्याने लिनक्स कर्नलच्या रेग्युलेटर कोअरमध्ये (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागात) एक फंक्शन टाकलं, तुमच्या ड्रायव्हरला ते लागतं, ते मेनलाइनमध्ये, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, पोचलेलं नाही, म्हणून तुम्ही तो पॅच (कोडमधला बदल) चेरी-पिक करून, म्हणजे त्याची प्रत काढून, आपल्या ट्रीत (कोडच्या साठ्यात) घेतलात. आता लिनक्स-नेक्स्टकडून, म्हणजे सगळ्यांच्या ट्री एकत्र करून बघणाऱ्या ट्रीकडून, डुप्लिकेटची सूचना आलीय. मर्ज तर बिनबोभाट होतंय, मग बिघडलं कुठे?

बिनबोभाट होतंय, तिथेच बिघडलंय. चेरी-पिकमध्ये बदल तोच राहतो, पण मागचा कमिट (नोंदवलेला बदल) वेगळा, म्हणून हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, वेगळा. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या लेखी हे दोन निराळे कमिट. पुढे एकाने त्याच ओळींना हात लावला तर कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे गिट थांबून विचारतं. तो परवडला, निदान डोळ्यांना दिसतो. रिव्हर्टचं, म्हणजे केलेला बदल उलटवण्याचं, तसं नाही.

मी हे भोगलंय. टाइमआउट १० मिलिसेकंदांवरून ५० करणारा पॅच आम्हा दोघांच्या ट्रीत होता. त्यामुळे एक बोर्ड बूट होताना अडकायला लागला, म्हणून सहकाऱ्याने आपल्याकडे तो रिव्हर्ट केला. माझी प्रत तशीच राहिली. मर्जच्या वेळी सामाईक पूर्वजात १०, त्याच्याकडे १०, माझ्याकडे ५०. गिट दरम्यानचा इतिहास बघत नाही, ही तीन टोकं बघतं. त्याच्या बाजूला काही बदललेलंच नाही, माझ्या बाजूला बदललंय, म्हणून ५०. कॉन्फ्लिक्ट नाही, वॉर्निंग नाही. लॉगमध्ये रिव्हर्ट ठसठशीत दिसतोय आणि फाइलमध्ये ५०! दोन दिवस मी कंपायलरवर संशय घेत बसलो होतो. तोच कमिट दोघांकडे एकाच हॅशने असता, तर पूर्वजातच ५० असते आणि रिव्हर्ट टिकला असता.

म्हणून सहकाऱ्याला सांगा, आरसी१ टॅगवरून (नव्या आवृत्तीच्या पहिल्या चाचणी-प्रतीवरून) वेगळी ब्रांच काढ, त्यात फक्त तो पॅच ठेव आणि सही केलेला टॅग दे. ती ब्रांच तो आपल्या ट्रीत मर्ज करेल, तुम्ही तुमच्या. कर्नलवाले हिला इम्युटेबल, म्हणजे न बदलणारी, ब्रांच म्हणतात. एकदा दिली की रिबेस (कमिट नव्या पायावर रचणं) नाही, अमेंड (कमिट बदलणं) नाही, स्पेलिंगची चूकसुद्धा सुधारायची नाही. दुरुस्ती हवी तर वर नवा कमिट. आणि तुमच्या मर्ज कमिटमध्ये ही ब्रांच कशासाठी ओढली ते दोन ओळींत लिहा, कारण नुसत्या 'मर्ज'वर पुल रिक्वेस्टच्या (तुमची ट्री वर ओढून घ्या या विनंतीच्या) वेळी प्रश्न येतातच.

दोन-तीनच पॅच असतील तर मी एवढंही करत नाही. रेग्युलेटरच्या मेंटेनरचा अ‍ॅक्ड-बाय, म्हणजे नोंदवलेली संमती, घेऊन सगळी मालिका एकाच ट्रीतून जाऊ देतो.

पॅच अजून रिव्ह्यूत असेल तर पॅच पाठवण्याजोगा करणाऱ्या गिट फॉरमॅट-पॅचला बेसचा पर्याय द्या. तळाशी बेस कमिट आणि आधी लागणाऱ्या पॅचचे पॅच-आयडी (बदलाच्या मजकुरावरून काढलेली ओळख) आपोआप येतात. पॅच-आयडी काढताना ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा धरत नाहीत, म्हणून बेस बदलला तरी तो सहसा जुळतो. आपल्याकडची कुठली प्रत समोरच्याकडेही आहे हे गिट चेरी सांगतं: वजाचं चिन्ह दिसलं की ती डुप्लिकेट.

तुमची ट्री इतरांनी ओढली असेल तर केवळ डुप्लिकेट काढायला रिबेस करू नका. तो खटाटोप जास्त महाग पडतो. पुल रिक्वेस्टमध्ये तसा उल्लेख करा आणि मर्जनंतर ते फंक्शन उघडून स्वतः वाचा.