उघाडी उघडेपर्यंत

जून तोंडावर आला की या सदराला पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं पाण्याची आणि उकाड्याची आहेत. मी नवी मुंबईतल्या घणसोलीचा. घरची शेती खारजमिनीत होती, पुढे नोकरीची सगळी वर्षं नाले आणि धारण तलावांच्या कामावर गेली. उत्तरं त्याच अनुभवातून देतो आहे.

काका, आम्ही १९९१ पासून वाशीत राहतो. पूर्वी आठ-आठ दिवस रिपरिप चालायची, पण घरात पाणी आलं नाही. आता दोन-तीन तासांत सगळा पाऊस कोसळतो आणि तळमजल्यात पाणी शिरतं. नालेसफाई झालेली मी स्वतः उभं राहून पाहिली होती. मुलगा म्हणतो हवामान बदल, शेजारी म्हणतात कामं नीट होत नाहीत. खरं काय? – सोसायटीच्या सचिव, वाशी

ताई, नाला साफ झाला, पण तो शेवटी जातो कुठे ते आधी बघू. वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग भराव घालून उठवलेला आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा तो खाली आहे. म्हणून शहर वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव केले, ज्यांना सगळे होल्डिंग पॉन्ड म्हणतात. शहराचं पाणी आधी तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते. खाडी चढली की बाहेरच्या दाबाने ती मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते.

खाडीचं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या आमच्या खारबांधाला अशीच उघाडी होती, लाकडी फळीची. खाऱ्या जमिनीत तगणारा राता भात लावल्यावर धो धो पाऊस झाला की मी बांधावर घाबराघुबरा उभा असायचो. वडील म्हणायचे, "दर्या उतरला का पानी जाईल, तवर दम धर." आज तुमचा सेक्टरही दर्या उतरायचीच वाट बघत असतो. फरक एवढाच की भाताचं पीक काही तास पाण्यात उभं राहू शकतं, तळमजल्यावरचं घर नाही.

हवामान बदल इथे दोन बाजूंनी आत येतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापला आहे, त्यावरून येणारा वारा जास्त ओझं घेऊन येतो आणि ते थोड्या तासांत रिकामं करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे आकड्यांत मांडलं: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र तिथे घटला होता. त्यामुळे रिपरिप कमी झाली हा तुमचा अनुभव मी तरी मनाचा खेळ समजत नाही.

दुसरी बाजू समुद्राची. १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. वीतभरच. पण झडपेजवळ उभं राहिलं की वीतभराचा अर्थ कळतो. खाडी वीतभर वर असेल तर झडप आधी मिटते आणि उशिरा उघडते. थांबायचा वेळ वाढला, आणि त्याच वेळात साठवायचं पाणीही वाढलं.

२६ जुलै २००५ मी विसरू शकत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि नेमक्या दुपारी मोठी भरती होती. झडपा मिटलेल्या, तलाव काठोकाठ. ओहोटी लागली तेव्हा आम्ही धावत गेलो, तर एका झडपेत नारळाची झावळी अडकलेली. चौघांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ओढून काढली. त्या एका दिवसाचं खापर मी हवामान बदलावर फोडणार नाही. पण असे दिवस पुन्हा पुन्हा येण्याची शक्यता वाढली आहे, हे मानूनच आता शहर राखायला हवं.

आणि हो, शेजारीही चूक नाहीत. तलाव गाळाने भरले आहेत, आत कांदळवन वाढलं आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते काढता येत नाही, आणि ती अट योग्यच आहे असं माझं मत आहे, कारण खाडीकाठचं तेच कांदळवन लाटांचा मार स्वतः खातं. परवानगी घेऊन वेळेत गाळ काढणं, भरतीतही पाणी फेकतील असे पंप बसवणं, हे काम माणसांचं आहे. जुन्या पावसासाठी बांधलेला तलाव गाळाने अर्धा करून नव्या पावसापुढे ठेवला, तर दोष एकट्या ढगाचा कसा? सोसायटीच्या फलकावर पावसाच्या इशाऱ्याशेजारी भरतीच्या वेळा लिहायला लागा. साडेचार मीटरवरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी दिसला, तर गाड्या आधीच उंचावर न्या.

ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते का? – इयत्ता आठवी, कोपरी, ठाणे

नाही बाळा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. त्याला खाणाऱ्या वायूंवर १९८७ च्या माँट्रियल करारापासून बंधनं आली आणि तो थर हळूहळू सावरतो आहे. तापमान वाढतं ते मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने, जंगलं तोडल्याने. हवेतल्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण असायचे, आता ४२० च्या वर आहेत. जमिनीची उष्णता बाहेर जाताना हा वायू ती अडवतो. माणसं एकत्र येऊन असं संकट मागे हटवू शकतात, हे ओझोनने दाखवलं आहे. वर्गात हेही सांग.

नागपूरला ४५ अंशांत माणसं कामं करतात. आपल्याकडे ३७-३८ ला एवढा बाऊ का? – रिक्षाचालक, कळवा

दादा, नागपुरात घरोघरी कूलर असतो, आपल्याकडे का नाही? कारण इथल्या दमट हवेत पाणी उडत नाही. घामाचंही तेच. घाम उडाला तरच अंग थंड होतं. तो नुसता ओघळत राहिला, तर पाणी आणि मीठ जातं आणि उष्णता आतच राहते. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर ३७ पासून. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात भर उन्हात तासन् तास बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. तेव्हाही पारा ४० च्या खालीच होता. ती माणसं श्रद्धेने आली होती, वर सावली नव्हती. मला ते अजून सलतं.

काँक्रीट रात्री ऊन परत देतं, म्हणून पहाटेही अंग निवत नाही. तुम्ही दुपारी बारा ते तीन गाडी सावलीत लावा. तहान लागण्याची वाट न बघता मीठ-साखरेचं पाणी घ्या. चक्कर आली, बोलणं अडखळलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर ओल्या फडक्याने अंग पुसत थेट दवाखाना गाठा. त्या दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला लोक येतात, पण आमच्या जाळ्यात निवट्या नाय, चिंबोरी नाय. हे गरमीनं झालं का? – मासळी विक्रेती, दिवाळे

मावशी, थोडं गरमीने, जास्त आपल्या घाणीने. समुद्र तापला की मासळीच्या जागा आणि हंगाम बदलतात, हे खरं. पण निवट्या हा मासा खाडीच्या चिखलात राहतो. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आणि भराव त्या चिखलावरच येऊन पडले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. तो पक्ष्यांइतकाच तुमच्या पोटासाठीही वापरला पाहिजे. पंचायत, पालिका, जिथे बैठक असेल तिथे हे बोला.

उलव्यात तळमजल्यावर घर बघतो आहोत, बजेटमध्ये बसतं. घ्यावं का? – नवविवाहित जोडपं, ऐरोली

माहितीपत्रकाआधी त्या जमिनीचा जुना सातबारा बघा. खार, खाजण, मिठागर असे शब्द दिसले तर पाणी तिथे पूर्वी यायचंच. मग अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत, भर पावसात आणि भरतीच्या वेळी जाऊन या. आजूबाजूच्या इमारतींच्या भिंतींवर ओलीची रेघ शोधा. वॉचमनला विचारा, तो खरं सांगेल. लिफ्टचा खड्डा कोरडा आहे का ते पाहा. यातून घर पास झालं तर जरूर घ्या, पण सही करण्याआधी वीजमीटरची खोली जमिनीपासून किती उंचावर आहे, ते टेप लावून मोजा.