टेन्शनरचे बेअरिंग आणि जुन्या गाडीची घरघर

प्रश्न : माझी मोटार १७ वर्षांची आहे. गेल्या काही आठवड्यांपासून इंजिन सुरू केले की पुढच्या बाजूने घरघर ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत जातो. मेकॅनिकने फॅन बेल्टच्या टेन्शनरचे (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचे) बेअरिंग गेल्याचे निदान केले असून पूर्ण टेन्शनर बदलायला सांगितले आहे. नुसते बेअरिंग बदलून भागेल का, आणि हे काम मला घरी करता येईल का?

उत्तर : अनेकदा नुसते बेअरिंग बदलून भागते. मात्र तुमच्या गाडीत ते शक्य आहे की नाही हे टेन्शनरच्या पुलीच्या, म्हणजे पट्टा ज्यावरून फिरतो त्या चाकाच्या, बनावटीवर ठरते, आणि त्याआधी आवाज तिथूनच येत असल्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. ज्याला आपण अजूनही सवयीने फॅन बेल्ट म्हणतो (पंखा बहुतेक मोटारींत केव्हाच विजेवर गेला), त्या एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरत असतो. या प्रत्येकात बेअरिंग असल्यामुळे नुसत्या कानावर विसंबून निदान केले तर ते सहज चुकते.

इंजिन चालू असताना हात आणि कपडे दूर ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला, तर दोष पट्ट्याचा किंवा पुल्या एका रेषेत नसल्याचा समजावा. काहीच फरक पडला नाही, तर संशय बेअरिंगवर येतो. त्यानंतर इंजिन बंद करून ते थंड झाल्यावर पट्ट्याच्या मार्गाचे छायाचित्र काढावे, पट्टा उतरवावा आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहावी. इथे बहुतेकांची फसगत होते. चांगल्या बेअरिंगमधील ग्रीस किंचित विरोध करते, त्यामुळे पुली आवाज न करता थोडी फिरून थांबते. ग्रीस वाळलेली पुली मात्र झटका देताच भिरभिर फिरत राहते आणि पाहणाऱ्याला तीच निरोगी वाटते. फिरताना खरखर जाणवली किंवा पुली कडेला धरून हलवल्यावर डुलली, तर निदान पक्के झाले.

आता पुलीकडे वळू. काही प्लॅस्टिकच्या पुल्या बेअरिंगभोवतीच ओतलेल्या असतात. त्यातून बेअरिंग काढण्याच्या भरीस न पडता पुलीच नवी घ्यावी. धातूच्या पुलीत बेअरिंग दाबून बसवलेले असेल आणि काठ मुडपून पक्के केलेले नसेल, तर ते बदलता येते. खरेदी करताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक सांगणे अधिक उपयोगी ठरते. उदाहरणार्थ, पुष्कळ टेन्शनरमध्ये आढळणाऱ्या ६२०३ या बेअरिंगचे आतले छिद्र १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर असते. क्रमांकापुढील २आरएस या खुणेचा अर्थ दोन्ही बाजूंना रबरी सील असा होतो. झेडझेड खुणेच्या बेअरिंगला पत्र्याची झाकणे असतात आणि ती धूळ व पाणी तितकेसे रोखत नाहीत, म्हणून या जागी रबरी सीलचेच घ्यावे.

पुलीचा बोल्ट सोडवण्याआधी त्याचे आटे कोणत्या दिशेचे आहेत हे दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावे, कारण काही टेन्शनरवर ते उलटे असतात आणि जोर लावून बोल्ट तुटल्याची उदाहरणे कमी नाहीत. जुने बेअरिंग पुलीला नीट आधार देऊन दाबून काढावे. नवे बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा, कारण आतल्या कड्यावर ठोकल्यास तो सगळा मार गोळ्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागते. बाहेरच्या कड्यापेक्षा किंचित लहान व्यासाचा सॉकेट आणि एक व्हाइस (शिकंजा) एवढ्यात हे काम होते. हातोडी दूर ठेवलेलीच बरी.

मेकॅनिकचा सल्ला मात्र सरसकट चुकीचा मानू नये. पट्टा उतरवलेला असताना टेन्शनरची बाहू पान्याने मागे-पुढे करून पाहावी; ती अडखळत असेल, कडेला डुलत असेल किंवा स्प्रिंग सैल पडली असेल, तर नवे बेअरिंगही तिरके चालून लवकर जाईल, आणि तेव्हा पूर्ण टेन्शनर बदलणेच योग्य.

प्रश्न : बेअरिंगवर तेल सोडल्याने आवाज थांबतो, असे ऐकले आहे. टायमिंग बेल्टच्या टेन्शनरलाही हा उपाय चालेल का?

उत्तर : दोन्ही ठिकाणी चालणार नाही. पातळ तेल सीलमधून आत शिरलेच तर उरलेले ग्रीस धुऊन काढते आणि बाहेर उडालेले तेल पट्ट्याचे रबर खराब करते. आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र चालूच राहते. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, बाबतीत तर बेअरिंग स्वतंत्रपणे बदलण्याचा मोहही टाळावा. फॅन बेल्ट निसटला तर चार्जिंग थांबते आणि पाण्याचा पंप त्यावर असल्यास इंजिन तापते, तरी वेळीच थांबल्यास मोठे नुकसान टळते. टायमिंग बेल्ट निसटल्यावर मात्र अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. त्यामुळे तिथे पट्टा, टेन्शनर आणि आयडलर पुली (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी पुली) यांचा संपूर्ण संच एकाच वेळी बदलून घ्यावा.