चांदीला फ्रेंचमध्ये 'आर्जाँ' आणि स्पॅनिशमध्ये 'प्लाता' का म्हणतात? दोन्ही भाषा लॅटिनमधूनच आल्या ना?

हो, दोन्ही लॅटिनच्याच लेकी. पण स्पेन-पोर्तुगालकडे चांदीचा जुना शब्द मागे पडला आणि त्याची जागा दुसऱ्याने घेतली.

लॅटिनमध्ये चांदी म्हणजे 'अर्गेंतुम'. रसायनशास्त्रातली 'एजी' ही खूण त्यातूनच आली. फ्रेंच 'आर्जाँ', इटालियन 'आर्जेंतो', रोमानियन 'आर्जिंत' ही सरळ त्याचीच रूपं.

'प्लाता'चं मूळ मात्र बोलभाषेतल्या लॅटिनमधल्या 'प्लात्ता'त आहे. त्याचा अर्थ सपाट तुकडा, धातूचा पत्रा. मध्ययुगात हा शब्द चांदीच्या पत्र्याला लागला आणि शेवटी चांदीलाच चिकटला.

पोर्तुगीजमधलं 'प्राता' मला जास्त बोलकं वाटतं. वारशाने आलेल्या बऱ्याच शब्दांत लॅटिन 'प्ल'चा तिथे आज 'श' ऐकू येतो: पावसाचा 'प्लुविया' झाला 'शुवा'. त्याच 'प्लात्ता'च्या घरातला, सपाट या अर्थाचा शब्दही 'शातु' झाला. 'प्राता' त्या वाटेने गेलेला नाही, फक्त 'ल'चा 'र' झालाय. त्यामुळे तो नंतर, शेजारच्या भाषेतून आला असं मानलं जातं.

आपल्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे दोन्ही शब्दांची संस्कृतात भावंडं आहेत. 'अर्गेंतुम'चं नातं 'रजत' आणि 'अर्जुन' (पांढरा, उजळ) यांच्याशी. 'प्लात्ता'च्या मागे ग्रीक 'प्लातुस' म्हणजे रुंद, आणि त्याचा भाऊ आपला 'पृथु'. 'पृथ्वी'ही त्याच घरातली.

चांदीवरून पैसा हा प्रवासही सगळीकडे दिसतो. फ्रेंच 'आर्जाँ' म्हणजे पैसासुद्धा, लॅटिन अमेरिकेत 'प्लाता'चंही तेच, आणि आपल्याकडे 'रुपे' आणि 'रुपया' आहेतच.

नकाशावर तर हे दोन्ही शब्द शेजारी नांदतात. सोळाव्या शतकात चांदीच्या आशेने आलेल्यांमुळे दक्षिण अमेरिकेतल्या एका नदीला 'रिओ दे ला प्लाता' हे स्पॅनिश नाव पडलं, आणि तिच्या काठच्या देशाला लॅटिनवरून 'अर्जेंटिना'. खरा मोठा साठा 1545 मध्ये सापडला तो दूर पोतोसीला, आजच्या बोलिव्हियात.

प्लॅटिनमही याच कुळातलं. आजच्या कोलंबियात सोन्याबरोबर पांढरे, सहजी न वितळणारे कण सापडायचे. स्पॅनिश लोकांनी त्यांना हिणवून 'प्लातिना' म्हटलं, म्हणजे किरकोळ चांदी. स्पॅनिश नौदल अधिकारी आंतोनिओ दे उयोआ यांनी 1748 मध्ये या धातूबद्दल लिहिलं, आणि ते हिणवणारं नावच पुढे जगभर रूढ झालं.