जुन्या वस्तूंपासून केलेल्या हस्तकलेच्या वस्तू टिकत का नाहीत आणि सुरुवात कशापासून करावी?

आपण विचारले आहे की, घरात साठलेले टी-शर्ट, दोन जुन्या जीन्स, काचेच्या बरण्या आणि जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या लाकडी फळ्या यांपासून वस्तू करून पाहिल्या, पण काही महिन्याभरात उसवल्या, काही निखळल्या आणि ज्या टिकल्या त्याही टाकाऊच दिसतात. तेव्हा चुकते कुठे? मी हा उद्योग बरीच वर्षे करत आले आहे. माझ्या मते चूक सजावटीत नसते, ती त्याच्या आधीच झालेली असते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे आपण सहज म्हणतो, पण त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे फारसे कोणी पाहत नाही. जुनी वस्तू हातात आली की ‘हिचे काय करता येईल’ हे आपल्याला लगेच सुचते. ती कुठे झिजली आहे आणि कुठे अजून धड आहे, हे मात्र तपासायचे राहून जाते.

माझी पहिली पिशवी जीन्सची होती. तिचे पट्टे मी मुद्दाम गुडघ्याच्या भागातून कापले होते, कारण तिथला फिकट निळा रंग मला फार आवडला होता. पुस्तके भरून पिशवी खांद्याला लावली आणि तिसऱ्याच दिवशी पट्टा फाटला. शिवण जागच्या जागी होती, फाटले होते ते कापड. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे पांढरे. शिवाय निळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वरचा थर झिजला की आतला पांढरा गाभा उघडा पडतो. म्हणजे मला आवडलेला तो फिकटपणा हीच झिजेची खूण होती. आता कोणतेही जुने कापड कापण्यापूर्वी मी ते खिडकीशी उजेडात धरते, विरळ दिसणाऱ्या भागावर खडूने फुली मारते आणि उरलेला भाग दोन्ही अंगठ्यांत धरून उभा-आडवा ताणून पाहते. बारीकसा ‘चर्र’ आवाज आला, तर ते कापड उशीत भरायला ठेवावे, ओझे पेलायला नाही. जीन्समध्ये पोटरीकडचा भाग आणि मागच्या खिशांखाली झाकले गेलेले कापड बहुधा उत्तम निघते.

कापड कशाचे आहे हे लेबल नसताना कळत नसेल, तर त्याचे दोन-चार धागे चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख सोडतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते, तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. हे कळणे उपयोगाचे आहे, कारण लोकरीचा आटलेला स्वेटर फुकट गेला असे आपण समजतो, पण गरम पाण्यात घुसळून तो मुद्दाम आणखी आटवला, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून त्याचे दाट फेल्ट, म्हणजे नमद्यासारखे जाड कापड होते आणि ते कापले तरी कडा उसवत नाहीत. ॲक्रिलिकच्या स्वेटरवर हा प्रयोग कितीही वेळा केला, तरी फक्त पाणी आणि वेळ वाया जातो.

बरण्यांविषयी एकच सांगते: शिवता, बांधता किंवा अडकवता येत असेल, तर चिकटवू नये. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि गुळगुळीत काचेवर त्याची पकड मुळातच कच्ची असते. उन्हाच्या खिडकीत टांगलेला माझा एक कंदील त्यामुळेच भर दुपारी खाली आला. तेव्हापासून बरणीच्या गळ्याभोवती तारेचा फास आवळून मी त्यालाच कडी अडकवते. लेबलाचा चिकटा पाण्याने निघाला नाही, तर खाण्याचा सोडा तेलात कालवून अर्धा तास लावून ठेवावा आणि मग घासावा.

लाकडी फळ्या मालवाहू पॅलेटच्या, म्हणजे माल रचून हलवायच्या लाकडी चौकटींच्या असतील, तर त्यांच्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय त्यांना सँडपेपर लावू नये. पॅकिंगच्या लाकडासाठी २००२ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसरे घरात आणूच नये. जुन्या रंगाचे पोपडे असलेले लाकूडही कोरडे घासू नये, कारण त्या रंगात शिसे असू शकते.

सुरुवात टी-शर्टांपासून करावी. बाह्यांच्या खालून सरळ कापून आणि खालची दुमड काढून कापडाची नळी मोकळी करावी. ती आडवी अशी दुमडावी की वरची कड खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर अलीकडे राहील. मग दुमडीकडून तीन-तीन सेंटिमीटर रुंदीचे काप द्यावेत, मात्र ते त्या उरलेल्या पट्टीच्या तोंडाशी थांबवावेत. शेवटी ती पट्टी हातावर पसरून एका कापापासून शेजारच्या कापाकडे तिरके कापत गेले, की सगळ्या कड्या जोडल्या जाऊन एकच लांब फीत मिळते. ही फीत ताणली की कडा आपोआप आत वळून तिची गोल दोरी होते. हे पहिल्यांदा पाहताना मला फार मौज वाटली होती.

या दोऱ्यांचा तिपेडी गोफ विणून तो गोल गुंडाळत शिवला की पायपुसणे होते. रंग दोनच घ्यावेत. घरात आहेत म्हणून सात रंग घेतले, तर वस्तू टाकाऊ दिसायला तिथूनच सुरुवात होते. शिवताना ते मांडीवर न घेता टेबलावर सपाट ठेवावे आणि वळणावर गोफ ओढून न घेता थोडा सैल सोडावा. कडा वर उचलून पायपुसण्याची वाटी होऊ लागली, तर इस्त्री करून ती बसेल या आशेवर राहू नये. सपाट असलेल्या शेवटच्या फेरीपर्यंत उसवावे आणि तिथून पुन्हा सैल हाताने शिवत यावे.