मेकॅनिकसमोर शहाणी होणारी गाडी

प्रश्न : माझ्याकडे १९८६ची पोर्श ९४४ आहे. थंड असताना सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू होते. अर्धा-पाऊण तास चालवली, इंजिन नीट तापलं की कधीतरी एकदम बंद पडते. आचका नाही, खोकणं नाही, कुणीतरी चावी फिरवून बंद करावी तशी. मग कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की काही घडलंच नाही अशा थाटात चालू. आतापर्यंत बॅटरी, इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल पंप बदलून झाला. गॅरेजमध्ये दिवसभर जागेवर चालू ठेवली तरी एकदाही बंद पडत नाही. आता इंजिनचा कॉम्प्युटर बदलायचा सल्ला मिळतोय. बदलू का?

उत्तर : नका बदलू. चार वस्तू बदलल्या आणि चारही वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं. पाचव्यांदा बंब पाठवायच्या आधी आग कुठे आहे ते बघू.

खरं तर निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. तापली की बंद, निवली की चालू. म्हणजे आपल्याला उष्णतेने तुटणारा आणि गार झाल्यावर पुन्हा चिकटणारा एखादा जोड शोधायचाय. बॅटरी अशी वागत नाही. प्लगच्या वायरी खराब असल्या तर गाडी आधी मिसिंग करते, चारही सिलिंडर एका क्षणात गप्प होत नाहीत.

पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा गाडी सुखरूप कडेला घ्याच, पण त्या गडबडीत एक नजर आरपीएमच्या काट्यावर असू द्या. गाडी अजून गिअरमध्ये असते, चाकं इंजिनाला फिरवत असतात. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर आला तर कॉइलला जाणारा इशाराच तुटलाय. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर ठिणगी आहे, पेट्रोल पोहोचत नाही. मग थांबल्यावर सेल्फ मारताना पुन्हा काटा बघा. तो थोडासा थरथरला तर कॉम्प्युटर जागा आहे आणि त्याला इंजिन फिरतंय हे कळतंय. मेल्यासारखा पडून राहिला तर त्याला एकतर वीज मिळत नाही किंवा सेन्सरची खबर मिळत नाही. कुठलंही अवजार न लागणारी ही तपासणी आहे, आणि ती न करता लोक हजार गोष्टी करतात.

माझा पहिला संशय डीएमई रिलेवर आहे. डीएमई म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. या गाडीत एकाच डबीत दोन रिले बसवलेले असतात. एकाचा काँटॅक्ट कॉम्प्युटरला वीज देतो, दुसऱ्याचा पेट्रोल पंपाला. आत छोटं सर्किट बोर्ड असतं आणि रिलेच्या पिना त्यावर सोल्डरने पकडलेल्या असतात. चाळीस वर्षं ते तापतंय, निवतंय, हादरतंय. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, कुठलंही सोल्डर एवढ्या वर्षांनी कंटाळतं. रिलेचं टोपण अलगद काढा आणि बोर्डाची खालची बाजू भिंगातून बघा. पिनेच्या भोवती केसाएवढी बारीक काळी कडी दिसेल, सोल्डरच्या टेकाडावर वर्तुळ कोरल्यासारखी. बोटाने पीन दाबली तर ती कडीच्या आत किंचित हलतेसुद्धा. थंड असताना ती टेकलेली असते, म्हणून टेबलावर रिले तपासला की "एकदम ओके" निघतो.

आता तुमच्या पंपाविषयी. या गाडीत नुसती चावी 'ऑन' केली तर पंप वाजत नाही. इंजिन फिरतंय अशी खबर कॉम्प्युटरला मिळाली की मगच तो रिलेचा पंपाचा भाग ओढतो. त्यामुळे "पंपाचा आवाज येत नाही, पंप गेला" हा निष्कर्ष घाईचा ठरतो. तुमचा जुना पंप बहुधा असाच निरपराध फासावर गेला. पंपाची खातरजमा करायची तर रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७बी हे दोन पॉइंट फ्यूज बसवलेल्या वायरने जोडा. पंप गुणगुणला पाहिजे. आकडे रिलेच्या अंगावर छापलेले असतात आणि ते पाठ असले की बऱ्याच जर्मन गाड्यांत वाट सापडते : ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरची वीज, ३१ म्हणजे अर्थ (करंटची बॅटरीकडे परतीची वाट), ५० सेल्फ, ८५-८६ रिलेची कॉइल, ८७ रिलेतून बाहेर पडणारी वीज. पण एक सांगून ठेवतो, ही जोडवायर लावून गाडी चालवायची नाही. अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप थांबतो, ती सोय या वायरने निकामी होते.

दुसरा संशय बेलहाउसिंगवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मागे क्लच झाकणाऱ्या कवचावरच्या, दोन सेन्सरवर. एक वेग सांगतो, एक क्रँकची जागा. दोघांचे प्लग इंजिनाच्या मागच्या भट्टीत शेकून बिस्किटासारखे ठिसूळ होतात. प्लग काढून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. तो ६०० ते १६०० ओहमच्या दरम्यान हवा. पण थंड सेन्सर मोजून काय मिळणार, दुखणं तर गरम असतानाचं आहे. म्हणून मीटर लावलेलाच ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सर शेकवा. आतली तार तांब्याची. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० डिग्रीला १००० ओहम दिसत असतील तर ८० डिग्रीला १२३०च्या आसपास दिसायला हवेत, तेही सावकाश चढत. आकडा मधेच उडी मारून गायब झाला तर तार आतून तुटली आहे, सेन्सर बदला. नवा बसवताना वेगाच्या सेन्सरची गॅप ०.८ मिलिमीटर ठेवा. आणि प्लगची अदलाबदल करू नका. दोन्ही सारखे दिसतात, गाडी चालूच होत नाही आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. मी बसलोय.

गॅरेजमध्ये दिवसभर शहाण्यासारखी चालते याचं नवल वाटून घेऊ नका. जागेवर उभ्या गाडीला ना रस्त्याचे हादरे, ना चालवतानाची उष्णता. फॉल्ट यायचा तर त्याची सगळी परिस्थिती तशीच्या तशी लागते. एका टू-सीटरने मला तीन रविवार नाचवलं होतं. मालक म्हणायचे, खड्ड्यात आदळली की इंजिन क्षणभर जातं. मी तोच रस्ता, तेच खड्डे, मुद्दाम जास्त वेगाने, काही नाही. चौथ्या खेपेला म्हटलं, तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला : घर, कपाट, तिजोरी, दोन कुलपं आणि मुठीएवढं पितळी लंबक. गाडी माझ्याकडे सोडताना ते बिचारे सुटी चावी ठेवून जात. त्या जुडग्याच्या वजनाने इग्निशन स्विच आतून झिजला होता, आणि खड्ड्यात जुडगा हेलकावला की काँटॅक्ट सुटत होता. स्विच बदलला, जुडगा सोडवला. तेव्हापासून मी मालकाला दुखणं काय हे विचारायच्या आधी त्याच्याकडची चावी मागतो. तुम्हीही तुमची बघून घ्या.

आधी नवा रिले लावा. जुना पुन्हा झाळून घेतलात तर तो स्पेअर म्हणून गाडीत ठेवा. गाडी बंद पडल्या पडल्या रिले बदलला आणि ताबडतोब चालू झाली, वीस मिनिटं न थांबता, तर चोर हातात आला.

प्रश्न : माझी १९७२ची एमजीबी आहे. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्या ताला-तालात मंद लुकलुकतो. कधी दोन दिवस सगळं नीट, कधी पुन्हा सुरू. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलून पाहिला. मीटरने वायर तपासली तर बीप वाजतो, म्हणजे वायर चांगली आहे. गेल्या वर्षी बॉडीचं काम करून पूर्ण गाडी रंगवून घेतली, त्याआधी हा त्रास नव्हता.

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्हीच चोराचा पत्ता दिलाय. रंग वीज वाहत नाही. मागच्या दिव्याचं घर बॉडीला जिथे टेकतं तिथे आता सुंदर चकचकीत रंगाचा थर आहे आणि अर्थ मिळतोय तो एखाद्या स्क्रूच्या आट्यांतून, जमेल तेव्हा, जमेल तसा.

इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बमधून गेलेल्या करंटला बॅटरीकडे परतायचं असतं. सरळ वाट बंद दिसली की तो त्याच घरातल्या लाल दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्याच्या अर्थमधून घरी जातो. वाट लांबची, म्हणून उजेड मंद. दोन दिवे असे एकमेकांच्या ताटात जेवताना दिसले की फ्लॅशरला हात लावायचा नाही, थेट अर्थकडे जायचं.

तुमच्या बीपविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण या बीपने भल्याभल्यांना फसवलंय. बीप वाजवताना मीटर वायरमधून अगदी नगण्य करंट सोडतो. तीस तारांच्या वायरीतल्या एकोणतीस तुटल्या आणि एकच उरली तरी तो आनंदाने वाजतो. व्होल्ट मोजतानाही तेच. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण एक कोटी ओहम असतो, त्याला त्या एका तारेतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर हवेत, तिथे ती तार उघडी पडते. जोड तपासायचा तर त्याला काम करायला लावून तपासा. दिवे चालू ठेवा, मीटर व्होल्टवर, काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन दिव्याच्या धातूच्या घरावर. अर्थ चांगला असेल तर ०.१-०.२ व्होल्टच्या वर दिसता कामा नये. तुमच्याकडे एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्तही दिसतील अशी माझी अटकळ आहे. मीटर तसाच ठेवून दिव्याचं घर हाताने हलवा, आकडा नाचेल. "कधी येतं, कधी जातं" याचा तो नाच आहे. (१९६७च्या आधीची एमजीबी असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवा, तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, पिना उलट लावायच्या. कुणी नंतर बदलून घेतलं असेल तर आधी बॅटरीवरच खात्री करा.)

घर सोडवा, टेकण्याच्या जागी नखाएवढा रंग पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस पाणी अडवायला आहे, वीज वाहायला नाही, त्यामुळे आधी धातूला धातू भिडू द्या.

तिथे हात घातलाच आहे तर बुलेट जोडही उपसून बघा. वायरीच्या टोकाला गोळी आणि वरून रबराची नळी, आत पत्र्याची स्लीव्ह. स्लीव्हची पकड जाते आणि आत हिरवा काट बसतो. नुसता स्प्रे मारून समाधान मानू नका, स्लीव्ह नवी घाला. वायरींचे रंग मदतीला आहेत : काळी अर्थ, लाल साइड लाइट, हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, हिरवी-जांभळी ब्रेक लाइट. सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या अजून असतील तर त्यांना जोडणाऱ्या केबलची टोकं आणि बॉडीला जाणारी पट्टीही याच वेळी घासून घ्या. तिथेही रंग पोहोचलेला असू शकतो.

प्रश्न : पॉप-अप हेडलाइटची जुनी टू-सीटर आहे. उजव्या लाइटचा फ्यूज महिन्या-दोन महिन्यांनी उडतो. नवा घातला की पुन्हा चालतो. दहाऐवजी वीस अँपिअरचा घातला तर चालेल का?

उत्तर : फ्यूज चालेल, वायर जळेल. दहाच ठेवा.

हेडलाइट वर-खाली होताना त्याच्या वायरी प्रत्येक वेळी वाकतात. कुठेतरी कोपऱ्यावर इन्सुलेशन घासून गेलंय आणि एका ठरावीक कोनात तांबं पत्र्याला टेकतंय. ते पकडायला फ्यूज जाळत बसू नका. उजव्या हेडलाइटचा प्लग काढा, फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि दिव्याचा स्विच चालू करा. पुढे काही जोडलेलं नसल्यामुळे बल्ब विझलेला राहील. आता मोटरच्या घुंडीने हेडलाइट हाताने सावकाश वर-खाली करा. बल्ब लख्ख पेटला की तिथेच थांबा, त्या कोनात कुठली वायर कशाला टेकलीय ते टॉर्चने बघा. शॉर्ट झाला तरी बल्ब दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे घाई नाही.

सापडल्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून मोकळे होऊ नका. ती उष्णतेने पाघळते आणि सुटते. खराब तुकडा कापून नवा जोडा, वर हीटश्रिंक (तापवली की आक्रसणारी नळी) घाला, आणि लाइट पूर्ण वर असताना वायर ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवून ती पुन्हा बांधा.