लॉगफ्रेम फक्त देणगीदारासाठी भरायची असते का?

आपण ठाण्यातील एका स्वयंसेवी संस्थेत नुकतेच रुजू झाला आहात. सीएसआरमधून (कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चातून) निधी देणाऱ्या कंपनीने प्रस्तावासोबत लॉगफ्रेम (प्रकल्पाची कामे, त्यांचे अपेक्षित परिणाम आणि गृहीतके मांडणारा तक्ता) आणि थिअरी ऑफ चेंज (बदल कसा घडेल याची मांडणी) अशी दोन्ही कागदपत्रे मागितली आहेत. आपले वरिष्ठ म्हणतात की हे सारे देणगीदाराच्या समाधानासाठी असते, जुन्या प्रस्तावातला तक्ता घ्या आणि आकडे बदला. या दोहोंपैकी आधी काय करावे आणि त्याचा खरोखर काही उपयोग असतो का, असा आपला प्रश्न आहे. त्याच्या दुसऱ्या भागावरून मी अनेक वर्षे वाद घालत आले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आपल्या वरिष्ठांचे म्हणणे चुकीचे आहे. अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली लॉगफ्रेमची ही चौकट तयार केली, ती त्या संस्थेच्या प्रकल्पांचे मूल्यमापन वारंवार फसत होते म्हणून. त्यांना तीन दोष दिसले होते. नियोजन इतके मोघम असे की प्रकल्प यशस्वी झाला तर नेमके काय दिसेल हे कोणालाच सांगता येत नसे. प्रकल्पप्रमुखाची जबाबदारी कुठे संपते आणि त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टी कुठे सुरू होतात, हे ठरलेले नसे. आणि आधी काहीच ठरलेले नसल्यामुळे मूल्यमापनाची वेळ आली की ते एकमेकांवर दोष ढकलण्याचे भांडण होऊन बसे. हा दुसरा दोष दूर करण्याचे काम तक्त्याच्या चौथ्या रकान्याकडे, म्हणजे गृहीतकांच्या (आपल्या हाताबाहेरच्या, पण खऱ्या ठरतील असे धरून चाललेल्या गोष्टींच्या) रकान्याकडे दिलेले आहे आणि आपल्याकडे नेमका तोच रकाना सर्वांत शेवटी, घाईघाईने, प्रस्ताव पाठवण्याच्या आदल्या रात्री भरला जातो.

तक्त्याच्या चार ओळी (खालून कामे, आउटपुट म्हणजे कामातून थेट हाती येणाऱ्या गोष्टी, आउटकम म्हणजे त्यांमुळे होणारा बदल, आणि अंतिम उद्दिष्ट) आणि चार रकाने (काय साधायचे, ते मोजणारे निर्देशक, त्यांचा पुरावा आणि गृहीतके) आपल्याला ठाऊक असतीलच. तो खालून वर वाचायचा असतो: ही कामे केली आणि या ओळीतली गृहीतके खरी ठरली, तर हे आउटपुट मिळतील, आउटपुट मिळाले आणि त्या ओळीतली गृहीतके खरी ठरली, तर तो आउटकम साधेल. यातली ‘आणि’नंतरची अट काढून टाकली की उरते ती केवळ इच्छांची यादी.

काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत होते, तिने शहापूर तालुक्यातील काही आदिवासी पाड्यांवर पाण्याचा प्रकल्प घेतला होता. पैसा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंपनीचा होता. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. इथे पाऊसही वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पडतो, पण खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी मुरून साठण्याला फारशी जागा नसते आणि होळीनंतर विहिरी तळाला जातात. विहिरीची दुरुस्ती, सौर पंप, पाड्यावर टाकी आणि देखभालीसाठी पाणी समिती, अशी योजना होती. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन.

लॉगफ्रेम भरण्याआधी लोकांसोबत बसायचे, असा माझा आग्रह होता. जर्मनीच्या जीटीझेड या संस्थेने १९८०च्या दशकात लॉगफ्रेमला कार्यशाळेची जोड दिली. सगळे संबंधित एकत्र बसतात, एकेक अडचण एकेका कार्डावर लिहून भिंतीवर लावतात आणि त्यांतून कारण-परिणामांचे झाड उभे राहते. आम्ही ते शाळेच्या ओसरीवर केले. बायका सांगत होत्या आणि अंगणवाडी सेविका लिहीत होत्या. एका कार्डावर लिहिले गेले, ‘दिवाळीनंतर माणसे भट्टीवर.’ भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत पाणी आटते, पंपावर सर्वांत जास्त ताण येतो आणि बिघाड झालाच तर वर्गणी काढून मेकॅनिक बोलवावा लागतो, त्याच महिन्यांत समितीतली निम्मी माणसे पाड्यावर नसणार होती. मग पंप कोण पाहणार आणि पैसे कोण गोळा करणार?

ते कार्ड मी गृहीतकांच्या रकान्यात उतरवले: ‘समितीचे पुरेसे सदस्य फेब्रुवारी ते मे या काळात पाड्यावर उपलब्ध असतील.’ असे वाक्य लिहिले की ते खरे ठरण्याची शक्यता किती, हे स्वतःला विचारावे लागते. गृहीतक जवळपास निश्चित असेल तर ते लिहिण्याची गरज नसते. शक्यता बरी असेल तर लिहावे आणि प्रकल्प चालू असताना त्यावर लक्ष ठेवावे. ते महत्त्वाचे आहे पण खरे ठरण्याची शक्यता नाही, असे दिसले तर प्रकल्पाची रचना बदलावी, आणि रचना बदलता येत नसेल तर प्रकल्प घेऊ नये. इथे रचना बदलणे सहज शक्य होते. वर्षभर पाड्यावर राहणाऱ्या ठाकूर आदिवासी कुटुंबांतील दोन बायकांना पंपाचे प्रशिक्षण आणि मानधन द्यायचे, आणि दुरुस्तीचा निधी भट्टीवर जाण्याआधी, दिवाळीतच, जमा करायचा. अंदाजपत्रकात त्याने फार मोठा फरक पडला नसता.

त्या वेळच्या कार्यक्रमप्रमुखांनी ते वाक्य खोडले आणि तिथे लिहिले, ‘समाजाचे सहकार्य मिळेल.’ त्यांचे म्हणणे असे होते की देणगीदारासमोर इतक्या शंका मांडल्या तर तो पैसे देणार नाही आणि गृहीतकांचा रकाना ही औपचारिकता आहे. मी लेखी आक्षेप नोंदवला. त्यावर चर्चा झाली नाही.

पुढे काय झाले हे मी तपशिलात सांगते, कारण मूल्यमापनाबद्दल आपल्याला जे कळायला हवे ते सगळे त्यात आहे. बेसलाइन पाहणी, म्हणजे काम सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवणारी पाहणी, मे महिन्यात झाली. मी पाहणी करणाऱ्या मुलांबरोबर पाड्यावर होते. घराघराच्या कडीला तार पिळून बांधलेली होती आणि टॅबवर त्या घरांपुढे ‘घर बंद’ असा पर्याय निवडून मुले पुढे जात होती. म्हणजे आधारमाहिती फक्त मागे राहिलेल्यांची, आणि तीही पाण्याच्या सर्वांत वाईट महिन्यातली. अंतिम पाहणी पुढच्या वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत झाली. विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या, सगळी कुटुंबे घरी होती आणि पंप नवा होता. पाणी आणायला लागणारा वेळ कमालीचा घटल्याचा निष्कर्ष निघाला. प्रकल्प झालाच नसता तरी मे आणि ऑक्टोबर यांत तो वेळ घटलाच असता. त्यातून दोन्ही वेळा माणसेही वेगवेगळी विचारली गेली होती आणि ज्या पाड्यांवर काम नव्हते, त्यांच्याशी तुलना कुठेच नव्हती. अहवालात सर्व उद्दिष्टे शंभर टक्के साध्य झाल्याचे लिहिले होते, कारण निर्देशक होता ‘बांधलेल्या टाक्यांची संख्या’.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन पाड्यांवरचे पंप बंद पडले आणि पावसापर्यंत बंदच राहिले. संस्थेने कंपनीला जे टिपण पाठवले, त्यात कारण दिले होते: स्थानिक समितीची उदासीनता. हे वाक्य मी आजवर विसरू शकलेले नाही. ज्या माणसांनी आपण त्या महिन्यांत इथे नसू हे आधीच कार्डावर लिहून दिले होते, त्यांनाच गैरहजेरीबद्दल उदासीन ठरवले गेले. माझा सगळा आग्रह इथून येतो. गृहीतकांचा रकाना कोरा ठेवला किंवा पोकळ शब्दांनी भरला की अपयशाचे खापर फुटते ते लाभार्थ्यांच्या डोक्यावर, कारण कागदावर दुसरे कोणतेही कारण उरलेलेच नसते. आपण रचनेत काय धरून चाललो होतो, हे प्रामाणिकपणे लिहिलेले असेल तर दोष रचनेला द्यावा लागतो आणि रचना दुरुस्त करता येते.

निर्देशकांबाबत थोडे. किती, कोणत्या दर्जाचे, केव्हा आणि कोणासाठी, हे सगळे त्यात आले पाहिजे. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जल जीवन मिशन या सरकारी योजनेचा निकष दरडोई दररोज ५५ लिटर पाणी असा आहे, हे लक्षात घ्या. जोडण्या मोजून काम झाले असे म्हणता येईल, पण नळाला एप्रिलमध्ये पाणी येते का, हे विचारल्याशिवाय त्या निकषाचे उत्तर मिळत नाही.

आता आपला मूळ प्रश्न. थिअरी ऑफ चेंज आधी करावी. बदल कसा घडेल, कोणत्या वाटांनी, कोणाच्या वागण्यात काय बदलल्यामुळे आणि का, याची ती मांडणी असते. कॅरल वाइस यांनी १९९५मध्ये हा विचार मांडला, तो समाजपातळीवरच्या गुंतागुंतीच्या कार्यक्रमांमागचे तर्क अव्यक्तच राहतात, म्हणून. त्या मांडणीतला जो तुकडा आपण या निधीत आणि या मुदतीत करणार आहोत, त्याची लॉगफ्रेम होते. दोन्हींत गृहीतके असतात आणि ती एकमेकांशी जुळली पाहिजेत. जिथे सुंदर बाणांची आकृती आणि रटाळ तक्ता यांचा एकमेकांशी संबंधच दिसत नाही, तिथे दोन्ही कागद वेगवेगळ्या माणसांनी केले आहेत असे समजावे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खालील नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती झाली. ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिने १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून, प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर करून घ्यायचे असते. ही एका वर्षाची अट मला फार मोलाची वाटते, कारण तेवढ्या काळात एक उन्हाळा जावाच लागतो. आमचा प्रकल्प त्या मर्यादेपेक्षा लहान होता. आपलाही तसा असेल तर ही अट करारात स्वतःहून घाला.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. लॉगफ्रेम एकदा मंजूर झाली की कुलूप लागल्यासारखी होते, आणि परिस्थिती बदलली तरी संस्था जुन्या निर्देशकांमागेच धावत राहतात. म्हणून दर सहा महिन्यांनी गृहीतके तपासून तक्ता बदलता येईल, असे देणगीदाराकडून लेखी घ्यावे. वनहक्क, संघटनबांधणी, हिंसाचाराविरुद्धचे काम अशा क्षेत्रांत परिणाम आधीपासून रकान्यात बसवणे मला स्वतःला पटत नाही. तिथे कॅनडाच्या आयडीआरसी या संस्थेने २००१मध्ये मांडलेले आउटकम मॅपिंग (लोकांच्या वागण्यातले बदल टिपत जाण्याची पद्धत) किंवा रिक डेव्हिस यांनी बांगलादेशात विकसित केलेली सर्वांत महत्त्वाच्या बदलाच्या कथा गोळा करण्याची पद्धत अधिक योग्य ठरते. शिवाय सगळे देणगीदार सारखे नसतात. शंका मांडल्या म्हणून निधी नाकारणारेही मी पाहिले आहेत, आणि नेमक्या त्या शंकांमुळे प्रस्तावावर विश्वास ठेवणारेही.

तरीही वरिष्ठांनी जुना तक्ता पुढे केला, तर त्यातला चौथा रकाना पुसून तेवढाच नव्याने भरण्याची परवानगी मागा. त्यासाठी एक दिवस वस्तीवर जा आणि वर्षातल्या बाराही महिन्यांत तिथे कोण असते, कोण नसते, एवढेच विचारून लिहून आणा. काम नवी मुंबईतल्या रबाळे किंवा दिघ्यातल्या वस्तीत असेल तरी हेच विचारा, कारण मे महिन्यात गावी जाणारी कुटुंबे तिथेही असतात. बेसलाइन आणि अंतिम पाहणी एकाच ऋतूत व्हावी, बंद घरांची नोंद घेऊन त्यांना परत गाठावे आणि काम नसलेल्या एखाद्या शेजारच्या वस्तीचीही माहिती घ्यावी, या तीन गोष्टी प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच घाला. नंतर त्यासाठी पैसे मिळत नाहीत.