अपवर्कवर पहिलं काम मिळवताना

अपवर्क म्हणजे ऑनलाइन फ्रीलान्स कामं मिळण्याची साइट. तिथे सगळ्यात आधी प्रोफाइल नीट कर. ग्राफिक डिझाइन, डेटा एन्ट्री, ट्रान्सलेशन सगळं येतं असं लिहू नकोस, त्यापेक्षा "मराठी-इंग्रजी सबटायटल्स" असं एकच धर आणि दोन-तीन सॅम्पल स्वतःच बनवून टाक, क्लायंट नसला तरी चालतं. अपवर्कवर प्रपोजल (कामासाठीचा अर्ज) पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे साइटचे टोकन, लागतात आणि ते संपले की पैसे देऊन घ्यावे लागतात, म्हणून दिसेल तिथे अप्लाय नको, आधी क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का आणि त्याने आधी कुणाला काम दिलंय का ते बघ. प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळीत त्याच्याच कामाबद्दल बोल, कॉपी-पेस्ट लगेच कळतं त्यांना.

आता पैशाचं, हे खरंच नीट वाच. फिक्स्ड प्राइस काम असेल तर माइलस्टोनचे (कामाच्या त्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोत, म्हणजे अपवर्कच्या राखीव खात्यात, जमा झाल्याशिवाय एक ओळसुद्धा करायची नाही, क्लायंट कितीही गोड बोलला तरी. काम सबमिट केल्यावर त्याला तपासायला १४ दिवस असतात, तो गप्प राहिला तर पैसे आपोआप सुटतात. आणि जो लगेच टेलिग्रामवर ये म्हणतो किंवा रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट मागतो तो फ्रॉडच, सरळ रिपोर्ट कर.

फायव्हर या दुसऱ्या फ्रीलान्स साइटवर पण गिग (तुझ्या सेवेची जाहिरात) टाकून ठेव, फक्त ते २० टक्के कापतात, तेवढं धरूनच रेट लाव. सुरुवातीला रेट थोडा कमी ठेवलास तर ठीक, पण फुकट टेस्टच्या नावाखाली अख्खं काम करून देऊ नकोस.